आधी रताळं, मग भोपळा, शेवटी पेरू

नवरात्र आलं की मंडईचा रंग बदलतो. नव्या हंगामाची, अंगाला माती लागलेली रताळी येऊन पडतात. लाल भोपळ्याच्या केशरी फोडी टोपलीवर मांडल्या जातात आणि कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पेरूला तिखट-मीठ लागायला सुरुवात होते. हे तिन्ही जिन्नस आपण घरी आणतो, पण त्यांची कामं वेगवेगळी ठरलेली असतात. रताळी उपवासाला, भोपळा भाजीला नाहीतर घारग्यांना, पेरू नुसता खायला. या लेखात ते एकाच तव्यावर आणायचे आहेत. वीसेक मिनिटांत होणारं, भाकरीबरोबर किंवा आमटी-भाताबरोबर खायचं हे साधं तोंडीलावणं दसऱ्यापासून थेट मार्गशीर्षापर्यंत करता येतं.

भाजीत फळ घालणं आपल्याला नवीन नाही. पिकल्या पेरूची भाजी अनेक घरांत होते, गोव्यात आंब्याचं आणि अननसाचं सासव होतं, केळ्याची कोशिंबीर तर नैवेद्याच्या पानातही असते. तरीही रोजच्या भाजीत फळ घालताना हात अडखळतो, कारण दोन भीती मनात असतात: सगळ्याचा लगदा होईल किंवा भाजी गोडमिट्ट होईल. दोन्हींवर उपाय एकच आहे आणि तो मसाल्याच्या डब्यात नाही. कोणता जिन्नस तव्यात कधी पडतो, यावर हा पदार्थ उभा आहे. क्रम सांभाळला तर मीठ-मिरचीएवढ्या मसाल्यावरही तो रंगतो. क्रम चुकला तर कितीही मसाला घाला, हाती लगदाच लागतो.

मंडईत काय बघायचं

रताळी मध्यम जाडीची घ्या, मनगटाएवढी जाड नकोत. फार जाड रताळ्यात दोरे असतात. सालीवर बारीक भोकं दिसली तर ते रताळं बाजूला ठेवा. ती सोंड्या किडीची खूण असते आणि कीड लागलेलं रताळं कडू लागतं. भोकाचा भाग कापून काढला तरी कडवटपणा आजूबाजूच्या गरात उतरलेला असतो. नुकती खणलेली रताळी कमी गोड असतात. टोपलीत, वारा लागेल अशी आठ-दहा दिवस ठेवली की त्यांची गोडी वाढते. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने रताळ्याचा गाभा कडक होतो आणि मग कितीही शिजवलं तरी तो मऊ पडत नाही.

भोपळ्याची फोड घेताना रंग गडद केशरी आहे का ते पाहा आणि साल नखाने दाबून बघा. नख रुतलं तर भोपळा कोवळा आहे. तो पाणी फार सोडतो. बियांभोवतीचे धागे बुळबुळीत झाले असतील तर फोड शिळी आहे. घरी आणल्यावर बिया आणि धागे लगेच काढून टाका, कारण भोपळा खराब व्हायला तिथूनच सुरुवात होते.

पेरूची निवड सर्वांत महत्त्वाची. पावसाळी बहाराचे पेरू पाणचट असतात, त्यांत अळीही बरेचदा निघते. थंडीच्या तोंडावर येणारे पेरू घट्ट, गोड आणि वासाला सरस असतात. आपल्याला हिरवटपणा जाऊन पिवळसर झाक आलेला, पण अंगठ्याने दाबल्यावर न दबणारा पेरू हवा. पूर्ण पिकलेला पेरू खायला ठेवा, तव्यावर तो टिकणार नाही. आतून पांढरा आणि गुलाबी, दोन्ही चालतात.

साहित्य (चार जणांसाठी)

- रताळी: २ मध्यम (सुमारे २५० ग्रॅम)
- लाल भोपळा: साल काढून ३०० ग्रॅम
- पेरू: २ मध्यम, घट्ट
- शेंगदाणा तेल: २ टेबलस्पून परतायला, १ टेबलस्पून फोडणीला
- मोहरी: अर्धा चमचा
- जिरे: अर्धा चमचा
- बडीशेप: अर्धा चमचा
- हिंग: चिमूटभर
- हिरव्या मिरच्या: २, उभ्या चिरलेल्या
- आलं: १ इंच, बारीक चिरलेलं
- कढीपत्ता: ८-१० पानं
- मीठ: चवीनुसार (पाऊण चमच्यापासून सुरुवात करा)
- अर्ध्या लिंबाचा रस, मूठभर कोथिंबीर, १ टेबलस्पून भाजलेले तीळ

हळद मुद्दाम घेतलेली नाही. भोपळ्याचा स्वतःचा रंग पुरेसा आहे. कांदा हवा असेल तर एक मोठा कांदा पाकळ्यांसारखा चिरून भोपळ्याबरोबर घाला.

तवा कोणता

बिडाचा खोलगट तवा असेल तर उत्तम. कोकणात घावन आणि आंबोळ्यांसाठी तो घरोघरी असतो. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की गार भाजी पडली तरी त्याची उष्णता सहसा उतरत नाही. म्हणूनच भाजीला तांबूस कड येते. साधा लोखंडी तवा किंवा जाड बुडाचं स्टीलचं पसरट भांडंही चालेल. खोल कढई टाळा. तिच्या उंच कडांमध्ये वाफ कोंडते आणि भाजी परतली जाण्याऐवजी उकडली जाते. नॉनस्टिक तव्यावर भाजी होते, पण तो रिकामा तापवायचा नसतो, त्यामुळे तेल घालूनच मध्यम आचेवर ठेवा आणि रंग थोडा कमी येईल हे गृहीत धरा.

तव्याच्या रुंदीचाही विचार करा. १० ते १२ इंचांच्या तव्यावर वरचं प्रमाण एका थरात बसतं. तवा लहान असेल तर दोन घाण्यांत करा. एकावर एक थर झाला की खालच्या फोडींची वाफ वरच्या फोडींना लागते आणि कुठल्याच फोडीला रंग येत नाही.

चिरण्याची पद्धत

तिन्ही जिन्नस एकाच मापाचे चिरायचे नाहीत. रताळं सर्वांत कडक आणि त्याला शिजायला वेळ सर्वांत जास्त, म्हणून त्याचे तुकडे लहान, साधारण एक सेंटिमीटरचे करा. साल पातळ आणि स्वच्छ असेल तर काढू नका, ती भाजल्यावर छान लागते. भोपळा पटकन मऊ पडतो, त्यामुळे त्याच्या फोडी दोन सेंटिमीटरच्या, जरा मोठ्या ठेवा. पेरूचे चार भाग करा, चमच्याने मधला बियांचा गर काढून घ्या आणि उरलेल्या जाड पाकळीचे दोन-तीन लांबट काप करा. बिया चुकून राहिल्या तर दाताखाली येऊन सगळी मजा घालवतात. काढलेला गर टाकू नका. चाळणीवर घासून बिया वेगळ्या करा आणि त्या गराचं मीठ-मिरेपूड घालून सरबत करा.

चिरून झालं की रताळं पाण्यात घालून एकदा खळबळा. वरचा सुटा स्टार्च निघून जातो आणि फोडी तव्याला चिकटत नाहीत. त्यानंतर ते स्वच्छ फडक्यावर पसरून कोरडं होईपर्यंत टिपा. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. ओली फोड तेलात पडली की तव्याची सगळी उष्णता आधी ते पाणी उडवण्यात खर्च होते.

कृती

१. तवा मध्यम-मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो नाचत उडून गेला पाहिजे. आता दोन टेबलस्पून तेल घाला आणि ते सर्वत्र फिरवा.

२. रताळ्याच्या फोडी एका थरात पसरा. चर्रकन आवाज आला पाहिजे. नाही आला तर तवा पुरेसा तापलेला नाही. आता तीन मिनिटं उलथनं खाली ठेवा. सतत ढवळलं तर कुठलीही बाजू तव्याला पुरेशी टेकत नाही. तीन मिनिटांनी एक फोड उलटून बघा. खालची बाजू सोनेरी झाली असेल तर सगळ्या फोडी उलटा. चिकटून बसली असेल तर ओढू नका, आणखी मिनिटभराने ती आपोआप सुटते.

३. आच मंद करून चार मिनिटं झाकण ठेवा. संपूर्ण कृतीत झाकण एवढंच. त्यामागे कारण आहे. रताळ्यात एक विकर असतं, ते साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात स्टार्चचं माल्टोज या साखरेत रूपांतर करतं. फोड जितका वेळ या तापमानात राहील तितकी ती गोड होते. मंद आचेची ही चार मिनिटं रताळं शिजवतात आणि गोडही करतात.

४. झाकण काढा, आतलं पाणी तव्यात सांडू न देता बाजूला न्या. आच पुन्हा मध्यम-मोठी करा. रताळी कडेला सारून मोकळ्या जागेत भोपळा पसरा. पुन्हा तीन मिनिटं हात लावू नका, मग अलगद उलटा आणि आणखी तीन-चार मिनिटं ठेवा. सुरीचं टोक भोपळ्यात जायला हवं, पण फोड उचलल्यावर तुटता कामा नये.

५. आता मीठ घाला, आधी नाही. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं. भोपळ्यावर सुरुवातीलाच मीठ पडलं तर दोन मिनिटांत तव्यात डबकं होतं. पाणी आहे तोवर तव्यावरचं तापमान १०० अंशांपुढे फारसं सरकत नाही, आणि तांबूस रंग यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. साखर आणि अमिनो आम्लं तापून जो रंग आणि खमंग वास तयार होतो, त्या प्रक्रियेचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेयार यांनी १९१२ साली केलं. आपल्या आज्यांना ती भाकरीच्या पापुद्र्यावरून आणि भाजलेल्या खोबऱ्यावरून ठाऊक होतीच. मीठ उशिरा घालण्याचं कारण तेच.

६. पेरूचे काप घाला, एकदाच वर-खाली करा आणि तीन मिनिटं राहू द्या. पेरूला शिजवायचं नाही, तापवायचं आहे. कडा किंचित पारदर्शक झाल्या आणि तव्यातून पेरूचा वास वर आला की पुरे. पेरूत ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं आणि ते उष्णतेने कमी होत जातं. फळ शेवटी घालण्याचा हा आणखी एक फायदा.

७. गॅस बंद करा. फोडणीच्या पळीत एक टेबलस्पून तेल तापवून मोहरी तडतडू द्या, मग जिरे, बडीशेप, आलं, मिरच्या, कढीपत्ता आणि हिंग घाला. ही फोडणी भाजीवर ओता. रोजच्या भाजीत फोडणी आधी असते. इथे ती शेवटी आहे, कारण पंधरा मिनिटं मोठ्या आचेवर मोहरी आणि कढीपत्ता जळून काळा, कडू होतो.

८. भाजी लगेच वाढायच्या भांड्यात काढा. लिंबू, कोथिंबीर आणि तीळ त्या भांड्यातच घाला. आंबट पदार्थ शिजताना घातला तर भाजी मऊ पडायला वेळ लागतो, आणि लोखंडाच्या किंवा बिडाच्या तव्यात आंबट राहिलं तर भाजी काळवंडून तिला धातूची चव येते.

बिघडलं तर

तव्यात पाणी सुटलं तर झाकणाचा मोह टाळा. आच मोठी करा, भाजी कडेला सरकवा आणि मधलं पाणी उडू द्या. भोपळा फार मऊ पडलाच तर पेरू घालायची वेळ अलीकडे आणा आणि दोन चमचे भाजलेल्या दाण्याचं कूट पेरा. पदार्थ वेगळा होईल, पण भाकरीबरोबर उत्तम लागेल. रताळं आतून कच्चं राहिलं तर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाका, पण पेरू आधी बाजूला काढून. चव फार गोड वाटली तर मीठ आणि लिंबू थोडं वाढवा. बरेचदा चव गोड झालेली नसते, मीठ कमी पडलेलं असतं. तिखट हवं असेल तर लाल तिखट फोडणीत घालू नका. गॅस बंद केल्यावर भाजीवर पेरा, म्हणजे ते जळत नाही.

फळ बदलायचं असेल तर

ऑक्टोबरात हिमाचल आणि काश्मीरचं सफरचंद भरपूर येतं. ते वापरायचं तर घट्ट, कुरकुरीत आणि किंचित आंबट निवडा. पिठूळ सफरचंद तव्यावर फुटतं. साल ठेवून जाडसर काप करा आणि पेरूच्याच वेळी घाला. नाशपातीचंही तसंच. अननस रसाळ असतो, म्हणून त्याचे काप टिपून कोऱ्या तव्यावर वेगळे भाजा आणि शेवटी मिसळा. राजेळी केळी तुपात छान परतली जातात, पण फार पिकलेली नकोत. डाळिंबाला आच अजिबात नको. दाणे वाढताना वरून घाला, त्यांचा आंबट-गोड रस या भाजीला फार शोभतो.

सीताफळ मात्र या तव्यापासून दूर ठेवा. त्याचा गर तापवला की कडवट होतो. बासुंदीतही तो गार झाल्यावर घालतात, त्याचं कारण हेच. पपई पिकलेली असेल तर विरघळते, म्हणून तीही नको.

भाज्यांमध्ये गाजर आणि बीट रताळ्याच्या जागी चालतील. बीट घेतलंत तर ते वेगळं परता, नाहीतर सगळी भाजी लाल होईल. दुधी आणि दोडका पाण्याने भरलेले असतात, या पद्धतीला ते योग्य नाहीत.

उपवासासाठी

नवरात्राच्या उपवासाला हीच भाजी तुपात करा. रताळं आणि भोपळा तुपात परता. जिरे आणि मिरचीची वेगळी फोडणी द्या. मोहरी, हिंग, बडीशेप आणि कढीपत्ता वगळा, सैंधव वापरा आणि तिळांऐवजी दाण्याचं जाडसर कूट घाला. कोथिंबीर आणि आलं उपवासाला चालतं की नाही, ते तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे ठरवा. साबुदाण्याच्या खिचडीनंतर येणारं जडपण या भाजीने येत नाही.

आयुर्वेदातल्या ऋतुचर्येत शरद हा पित्ताचा काळ मानला आहे आणि त्यात मधुर, कडू आणि तुरट रसांना प्राधान्य दिलं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तिखटजाळ रश्शापेक्षा अशी भाजी का बरी वाटते, याचं उत्तर त्यात सापडतं. लिंबू आणि मिरचीचं प्रमाणही म्हणूनच बेताचं ठेवा.

परदेशात असाल तर

अमेरिकेत, कॅनडात किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी घरांना या दिवसांत लाल भोपळ्याची उणीव भासायचं कारण नाही. तिथे शरदात बटरनट स्क्वॉश सगळीकडे मिळतो, त्याचा गर घट्ट आणि पाणी कमी, म्हणजे तव्यावर परतायला तो आपल्या भोपळ्याहूनही सोपा. केशरी गराची रताळी मात्र आपल्या पांढऱ्या रताळ्यांहून ओलसर आणि लवकर मऊ होणारी असतात. त्यांच्या फोडी मोठ्या ठेवा आणि झाकणाची वेळ दोन मिनिटांवर आणा. पेरूऐवजी ग्रॅनी स्मिथ किंवा हनीक्रिस्प सफरचंद घ्या. ब्रसेल्स स्प्राउट अर्धे करून, कापलेली बाजू खाली ठेवून रताळ्याबरोबर परतले तर त्यांचा किंचित कडवटपणा फळाच्या गोडीला तोलून धरतो.

तिथल्या घरांतही असे शरदातले पदार्थ बिडाच्या तव्यात होतात, फक्त फोडणीच्या जागी सेज किंवा थाइम असतं. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं. त्या जेवणाला शेजाऱ्यांकडे काही घेऊन जायचं असेल, तर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेली ही भाजी न्या. जिन्नस त्यांच्या ओळखीचे असतात आणि चव आपली.

वाढताना आणि नंतर

ही भाजी गरम किंवा कोमट खा. ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी, साधं वरण-भात किंवा दहीभात, कशाहीबरोबर ती जमते. दिवाळीच्या दिवसांत फराळाने तोंड तेलकट झालेलं असताना रात्रीच्या जेवणाला मुगाची खिचडी आणि ही भाजी एवढं पुरतं. भोपळ्यातलं आणि केशरी रताळ्यातलं बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडी चरबी लागते, त्यामुळे तेलाला अगदीच कात्री लावू नका.

उरली तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. पुन्हा गरम करताना तव्यावरच करा. मायक्रोवेव्हमध्ये फोडींच्या कडा मऊ पडतात. उरलेली भाजी कुस्करून, त्यात मावेल तेवढी ज्वारीची पिठी आणि ओवा घालून थालीपीठ लावा. भोपळ्याच्या ओलाव्यावर पीठ मळलं जातं, पाणी जवळजवळ लागत नाही.

बिडाचा तवा कोमट झाला की गरम पाण्याने धुवा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नका, बीड तडकतं. धुतल्यावर आचेवर पूर्ण कोरडा करा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवा.

पहिल्यांदा करताना वरचं प्रमाण आणि वेळ तंतोतंत पाळा. दुसऱ्यांदा घड्याळाऐवजी तव्याकडे लक्ष द्या: आवाज, वाफ आणि फोडीचा रंग यांवरून पुढचा जिन्नस कधी घालायचा ते कळायला लागतं. एवढं हाताला बसलं की मंडईत त्या दिवशी जे ताजं दिसेल ते घेऊन या. सर्वांत कडक जिन्नस आधी, पाणीदार नंतर, फळ शेवटी आणि आंबट गॅस बंद झाल्यावर. या क्रमाने गाजर आणि सफरचंद, बीट आणि नाशपाती, सगळं जमेल.